डाव्या हाताचा बांध

पाऊस दडी मारून बसला आणि कालव्याचं पाणी पाळीनं मिळू लागलं. त्याच आठवड्यात वरच्या शेतातला म्हातारा बांधावरून घसरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. बातमी आली तेव्हा ओळंबा अंगणात विळ्याला धार लावत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. बायकोनं नुसतं वर पाहिलं. तसं त्यानं वाक्य सावरलं. "बरं होईल, असं म्हणतोय मी. हाडं काय, बसतात."

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण दोरी न लावता तो सरी अशी पाडायचा, की गवंड्यानं ओळंबा सोडून भिंत उभी करावी. बांध घालावा तर त्यानंच. कडा सुरीनं कापल्यासारख्या, आणि उतारावर फावड्याच्या पाठीचे ठसे एकामागोमाग एक, सगळे एका तिरक्यात. गावानं त्याला हे नाव चेष्टेनं दिलं होतं, पण त्यानं ते पदक मिळाल्यासारखं छातीवर लावून घेतलं होतं.

वरच्या शेतातल्या म्हाताऱ्याला गाव करवत म्हणे, कारण त्याची जीभ जाताना कापायची आणि येतानाही कापायची. या दोघांचं भांडण त्या सरळ रेषेवरूनच झालेलं. दोघांच्या मधला बांध पूर्वी साप गेल्यासारखा वाकडातिकडा होता. एका उन्हाळ्यात ओळंब्याला ते बघवेना, म्हणून त्यानं तो स्वखुशीनं, स्वतःच्या घामानं सरळ करून टाकला. एका टोकाला वीतभर जमीन त्याच्याकडे आली, दुसऱ्या टोकाला वीतभर म्हाताऱ्याकडे गेली. ओळंब्याच्या मते फिटंफाट झाली. म्हाताऱ्याच्या मते वीतभर काळी माती गेली आणि वीतभर दगड आले.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पण शेजारी शेत म्हटल्यावर न बोलून भागतं कुठं? मग काही सांगायचं असलं की प्रत्येक जण आपल्या बैलाला सांगायचा. "काय रे, तुला कळतं का, आपलं पाणी फुटून कुणाच्या तरी वाफ्यात शिरलंय?" असं करवत आपल्या बैलाच्या कानात ओरडायचा, आणि इकडे ओळंबा फावडं घेऊन निघायचा. निघताना तो आपल्या बैलाला सांगायचा, "चल, काही लोकांना वाफासुद्धा राखता येत नाही." बैल बिचारे दोघांचंही ऐकून घेत.

आता म्हातारा खाटेवर. मुलगा लांब नोकरीला, सून त्याच्याबरोबर. शेतात कांद्याचं रोप नुकतंच लावलेलं, वरच्या अंगाचे वाफे अजून अर्धे बांधायचे, आणि पाण्याची पाळी तोंडावर. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. रोप काही तोवर थांबत नाही.

हे सगळं शाळेच्या मोठ्या बाईंच्या कानावर गेलं, आणि ओळंब्याच्या घरात खरी गोष्ट सुरू झाली.

ओळंब्याची धाकटी मुलगी ज्या हायस्कुलात जायची, त्याला गाव फावड्याची शाळा म्हणे. सकाळी पुस्तकं, दुपारनंतर गावात ज्याला गरज असेल त्याच्याकडे काम. कुणी दवाखान्यात रांग लावायला, कुणी म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायला, कुणी पाणवठा साफ करायला. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक घर नेमून मिळे. त्या घरचं एक हंगामभराचं काम त्या मुलानं एकट्यानं उभं करायचं. आपल्या घरच्या माणसानं त्या कामाला बोटही लावायचं नाही. आणि वर्षअखेरीला, शाळेच्या मोठ्या खोलीत, ज्याच्यासाठी काम केलं त्यानं उभं राहून सांगायचं की काम कसं झालं. घरच्यांनी बसून ऐकायचं, बोलायचं नाही. त्या बोलण्यावर शाळेची शिफारस ठरायची.

शिफारस म्हणजे साधी गोष्ट नव्हती. शहरातल्या कॉलेजात कालवे आणि पाणीवाटपाची पदविका होती, आणि अशा शाळांच्या मुलांसाठी तिथं थोड्या जागा ठेवलेल्या होत्या. धाकटीला तिथंच जायचं होतं. दुसरं काही ती बोलतच नसे. कालव्याचं दार किती उघडलं की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचेल, हे ती जेवताना ताटातल्या पातळ भाजीत बोटानं काढून दाखवायची. शाळेत 'पुढची वाट' नावाचा एक तास असायचा. त्यात प्रवेशपरीक्षेचं गणित, अर्ज कसा लिहायचा, चार परक्या माणसांसमोर तोंड कसं उघडायचं, हे सगळं घोटून घ्यायचे. सराव परीक्षेत ती पहिली आली, तेव्हा ओळंब्यानं ते न्हाव्याला सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं, पुन्हा न्हाव्याला सांगितलं. न्हावी म्हणाला, "मान हलवू नका, कान कापला जाईल. पहिली आली ते मला पाठ झालंय."

आणि या मुलीला बाईंनी घर नेमून दिलं करवतीचं.

"गावात दुसऱ्या कुणाचं हाड मोडलं नाही?" ओळंबा ओरडला.

"त्यांच्याइतकी नड दुसऱ्या कुणाची नाही, बाबा," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून शाळेत गेला. बाईंनी त्याला बसायला सांगितलं. खोलीत फक्त लहान वर्गाचं बाक होतं. ओळंबा त्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीला लागले, आणि मोठ्या आवाजात बोलायचं ठरवून आलेल्या माणसाचा आवाज पोटातच अडकला.

"बाई, घर बदलून द्या. त्या माणसाचं आमचं वैर आहे."

"तुमचं, की तिचं?"

"घराचं म्हटलं की सगळ्यांचंच आलं."

"मग तिला शहरात पाठवताना वैरही सोबत बांधून देणार का?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तिला पुढं कालव्यावर काम करायचंय. तिथं दोन्ही काठांवर भांडणारीच माणसं असतात."

ओळंबा उठला. पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते, त्यामुळे दारापर्यंत तो लंगडत गेला, आणि वऱ्हांड्यातली पोरं हसली.

मग धाकटी रोज दुपारी वरच्या शेतात जाऊ लागली. कांद्यात खुरपणं, पाळीच्या दिवशी दारं धरणं, म्हणजे एका वाफ्यात पाणी भरलं की ते दार मातीनं बंद करून पुढचं उघडणं, आणि उरलेल्या वेळात वरच्या अंगाचे नवे वाफे बांधणं. करवतीनं आपली खाट पडवीत ओढून घेतली होती. तिथून त्याचं उंटावरून शेळ्या हाकणं चालायचं.

"ए डावरे! फावडं आहे ते, पळी नव्हे!"

धाकटी डावखुरी होती. लहानपणी ओळंब्यानं तिचा डावा हात पाठीमागं बांधून बघितला होता, आईनं भांडून सोडवला होता. ती फावडं उलट्या अंगानं धरायची. त्यामुळे तिनं बांध थोपटला की फावड्याच्या पाठीचे ठसे बापाच्या ठशांच्या नेमके उलट्या बाजूला कलायचे. आणि बांध सरळ म्हणाल तर, देवाचं नाव घ्या. तो आपल्या मनानं जायचा.

संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तळहाताला फोड आलेले असायचे. आई कोमट पाण्यात हात बुडवून घ्यायची आणि तेल लावायची.

"म्हातारा काय म्हणाला आज?"

"म्हणाला, तुझ्या बापानं तुला काही शिकवलं नाही."

ओळंबा कोपऱ्यातून खाकरला. "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, ते उजव्या हाताचे आहेत, आजोबा. त्यांना शिकवता आलं नाही."

आईला हसू आवरेना. ओळंब्याला ते हसण्यासारखं वाटलं नाही. तो आता आपल्या मक्याच्या आडून रोज वर बघत असे. वर तो बांध दिसायचा, इथं फुगलेला, तिथं खचलेला. भातात खडा लागावा तसा तो त्याच्या डोळ्याला लागायचा. त्याला वाटे, दोन तासांचं काम आहे. फक्त दोन तास मला कुणी तरी तिथं उभं करा.

एका संध्याकाळी घरात मुलाखतीचा सराव चालला. आईनं ओळंब्याचा चष्मा नाकावर चढवला आणि ती साहेब झाली. शाळेनं दिलेले प्रश्न धाकटीनंच तिला पाठ करून दिले होते.

"सांगा," आई आवाज जाड करून म्हणाली, "तुमच्यात दोष काय आहे?"

धाकटीनं तोंड उघडायच्या आत ओळंबाच बोलला, "दोष? आपल्या घरात कसला दोष? सांग, काही नाही."

"बाबा, तसं म्हणायचं नसतं. तास घेणाऱ्या बाई म्हणतात, ज्याला दोष सापडत नाही त्याला शिकवता येत नाही."

"साहेबांना मधे बोललेलं चालत नाही," आई म्हणाली आणि चष्मा घसरला. सगळे हसले. ओळंबाही हसला, पण ते वाक्य त्याच्या डोक्यात कुठंतरी टोचत राहिलं.

मग एका सकाळी कळलं, की उद्या पाण्याची पाळी आहे, आणि ओळंब्याचं चित्त ठिकाणावर राहीना. वरच्या शेतात पाटाचं पाणी जिथं वळण घेतं, त्या कोपऱ्यावरचा बांध कच्चा होता. हे त्याला मक्यातून उभ्या उभ्या दिसत होतं. पाणी तिथं धडकणार, बांध फुटणार, कांद्याचं रोप धुऊन जाणार. मग वर्षअखेरीला करवत उभा राहील आणि भरल्या खोलीत म्हणेल, ओळंब्याच्या पोरीनं माझं रोप वाहवलं. शिफारस गेली, शहर गेलं, सगळं गेलं.

भरदुपारची वेळ. धाकटी शाळेत परीक्षेला बसलेली. करवत पडवीत तोंडावर पंचा टाकून घोरत पडलेला. ओळंब्यानं इकडंतिकडं पाहिलं, आपल्या बैलाकडंही पाहिलं, आणि फावडं उचलून तो बांध ओलांडून गेला. कित्येक वर्षांत त्याचा पाय त्या जमिनीवर पडला नव्हता.

एकदा हात चालू झाल्यावर त्याला कशाचंच भान उरलं नाही. कच्ची माती उपसली, ढेकळं फोडली, ओली माती थरावर थर दाबली, कड तासली आणि फावड्याच्या पाठीनं थोपटून थोपटून उतार असा गुळगुळीत केला की मुंगी घसरावी. कोपरा कसा उभा राहिला म्हणता! त्यानं दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि त्याला इतकं बरं वाटलं, की तो तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत परत आला. पंच्याखालचं घोरणं मधे थांबलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी धाकटी नेहमीपेक्षा उशिरा आली. कोपरापर्यंत चिखल, ओठ घट्ट मिटलेले. हात धुतले, जेवली, आणि दिव्याशी गणितं सोडवायला बसली. ओळंबा पुढच्या घासासाठी हात उचलणार, इतक्यात त्याची नजर तिच्या पेन्सिलीवर गेली. डाव्या हातात पेन्सिल. अक्षरं डावीकडे कललेली.

घास तोंडातच राहिला. त्या कोपऱ्यावरचे ठसे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले, सगळेच्या सगळे उजव्या हाताचे. गावातलं शेंबडं पोरही ओळखेल की हे कुणाचं काम. आणि करवत तर वर्षानुवर्षं तेच ठसे बघून दात खात आलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मीठ जास्त आहे," तो म्हणाला. मीठ नेहमीएवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. संध्याकाळी धाकटी एवढंच म्हणाली, "कोपऱ्यानं पाणी धरलं." तिनं बापाकडं पाहिलं नाही. ठशांची भीती होतीच, तरी ओळंब्याच्या अंगावर मूठभर मांस चढल्याशिवाय राहिलं नाही. धरणारच. बांध घातला कुणी होता? पण त्यानंतर त्यानं वरच्या शेताकडं मान वर करून पाहिलं नाही. चोराच्या मनात चांदणं. न्हाव्याकडंही तो गप्प बसू लागला, तेव्हा न्हाव्यानं विचारलं, "काय हो, मुलगी आता पहिली येत नाही का?"

कांदा निघाला, पोत्यांत भरला, आणि शाळेतला तो दिवस उजाडला.

मोठ्या खोलीत बाकं मांडलेली. समोर मोठ्या बाई, आणि त्यांच्या शेजारी पदविकेच्या कॉलेजातून आलेले एक साहेब. घरची माणसं मागं. ओळंबा भिंतीला टेकून बसला होता आणि आपले हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मांडीवर ठेवले तर दिसत होते. शेवटी त्यानं ते मांड्यांखाली घातले.

एक एक माणूस उठून बोलून गेला. मग करवत दोन काठ्यांवर उठला. लोकांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती आणि समोर बैलही नव्हता. म्हणून तो काठीच्या मुठीकडं बघत बोलू लागला.

"पोरगी वेळेवर यायची. काम हळू. डावरी आहे. मी रोज शिव्या दिल्या, तिनं ऐकून घेतल्या आणि आपल्याला हवं तेच केलं. कांदा चांगला आला." तो थांबला. ओळंब्याला वाटलं, संपलं, सुटलो. "पण एक गोष्ट सांगायची राहिली. नियम आहे म्हणतात, घरच्या माणसानं हात लावायचा नाही."

साहेबांनी कागदावरून मान वर केली.

"एका दुपारी मी तोंडावर पंचा घेऊन पडलो होतो. पंचा जुना आहे, त्याला भोकं आहेत. माझ्या शेतात एक माणूस आला. वळणावरचा कोपरा त्यानं बांधून काढला. असा बांध या पंचक्रोशीत एकच हात घालतो. त्या हातानं माझी वीतभर जमीन सरळ केली होती, मी तो झोपेतही ओळखीन. मी म्हटलं, सापडलास! आता भरल्या सभेत सांगतो बघ."

ओळंब्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. बायको त्याच्याकडं बघत होती. पुढच्या बाकावर बसलेल्या धाकटीची पाठ हलली नाही.

"मग उन्हं कलल्यावर ही आली," करवत म्हणाला. "कोपऱ्यापाशी उभी राहिली. बराच वेळ. हात फिरवला त्याच्यावरून, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. चांगला होता हो बांध, खोटं कशाला बोलू. मग तिनं फावडं घेतलं आणि तो सगळा फोडला. मी ओरडलो, अगं वेडे, उद्या पाणी आहे! ती म्हणाली, आजोबा, हा माझा नाही. आणि अंधार पडायच्या आत पुन्हा घातला. तिचाच, वाकडा. दुसऱ्या दिवशी पाणी आलं, धडकलं आणि वळून गेलं. बोटभर माती हलली नाही." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "मला एवढंच सांगायचंय, की काम तिचं आहे. सगळं तिचं."

ओळंबा उभा राहिला होता. कधी राहिला ते त्याला कळलं नाही.

"घरच्यांनी बोलायचं नसतं," बाई म्हणाल्या.

"बोलत नाही, बाई. तो हात कुणाचा होता ते लोकांना दिसावं, म्हणून उभा राहिलोय फक्त."

कुणीतरी हसलं. यावेळी त्याला त्याचं काही वाटलं नाही.

साहेबांनी धाकटीला समोर बोलावलं. "या सगळ्यात तुझं काय चुकलं, असं तुला वाटतं?"

ती म्हणाली, "मी बांध फोडला, पण घरी जाऊन बाबांना बोलले नाही. तोंडावर सांगायला हवं होतं, की हात लावू नका. आमच्या शेताकडं तोंडावर बोलायची पद्धत नाही, सर. आमच्याकडं बैलाला सांगतात."

सगळी खोली हसली. करवतही हसला आणि काठी सुटता सुटता राहिली. साहेबांना ते कळलं नाही, बाईंनी वाकून त्यांना समजावलं, आणि मग ते एकटेच उशिरा हसले. शिफारस तिथंच, सगळ्यांसमोर जाहीर झाली. ओळंब्याला टाळ्या ऐकू येत होत्या, पण त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पाणी धरलं होतं ते त्याच्या बांधानं नव्हे. इतके दिवस तो आतल्या आत ज्या बांधाचा अभिमान मिरवत होता, तो मुलीचा होता. आणि त्याला कळलं, की त्यामुळे अभिमान कमी होत नव्हता, उलट उरात मावत नव्हता.

घरी जाताना वाट दोन्ही शेतांमधून होती. पाण्याची पाळी होती आणि वरच्या शेतात पाट भरून येत होता. कांद्यानंतर करवतीनं तिथं घेवडा टोकून घेतला होता. धाकटीनं नवा परकर न बदलता त्याचा काठ वर खोवला आणि ती वाफ्यात उतरली. तिचं नेमलेलं काम संपलं होतं, पण पाण्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

ओळंबा बांधाच्या अलीकडं थांबला. समोर तो कोपरा होता. त्यानं तो आज पहिल्यांदा नीट पाहिला. पोटाशी फुगलेला, शेंड्याला कललेला, आणि उतारावर सगळे ठसे डावीकडं. पाणी येऊन त्याला टेकत होतं आणि मुकाट्यानं वळत होतं.

शाळेतून कुणाच्या तरी गाडीनं आलेला करवत पडवीत टेकला होता. तो मोठ्यानं ओरडला. त्याचा बैल पलीकडं गोठ्यात होता, पण तो बैलाकडं बघत नव्हता.

"अरे ओळंब्या! उभा काय राहिलास खांबासारखा? पोरगी एकटी आहे. ये की, दारं धर!"

ओळंब्यानं आधी मागं वळून पाहिलं, आपल्याच नावाचा दुसरा कुणी आहे का म्हणून. मग घसा साफ केला. "आलो, तात्या," तो म्हणाला, आणि बांध ओलांडला.

"इकडचं दार बंद करा, बाबा. आता खालचं उघडा. अर्धंच. अर्धं म्हटलं ना!" धाकटी सांगत गेली आणि तो करत गेला. आयुष्यात त्यानं पाण्याबद्दल कुणाचं ऐकलं नव्हतं. काम करता करता तो त्या कोपऱ्यापाशी आला. शेंड्यावर एक ढेकूळ बाहेर डोकावत होतं. फावड्याची पाठ एकदा मारली असती तर कड सरळ झाली असती. त्याचं फावडं आपोआप उचललं गेलं.

"बाबा."

"अगं, नुसतं एवढंच—"

"असू दे वाकडं."

ओळंब्यानं फावडं खाली घेतलं. पलीकडच्या वाटेनं न्हावी सायकल हातात धरून चालला होता, त्याला त्यानं हाक मारली. "ओ, जरा इकडं या! हा बांध बघा." न्हावी थांबला, त्यानं मान वाकडी करून पाहिलं, आणि विचारलं, "हा वाकडा कुणी घातला?"

"माझ्या मुलीनं," ओळंबा म्हणाला.